अमीर अली : टेलरच्या अनुभवातून घडलेला ठग

फिलिप मेडोज टेलर (२५ सप्टेंबर १८०८–१३ मे १८७६) या अँग्लो-इंडियन कादंबरीकाराच्या कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९, म. शी. ‘एका ठगाचा कबुलीजबाब’) या इंग्रजी कादंबरीचा नायक व निवेदक. वेषांतर करून प्रवाशांच्या काफिल्यात शिरणे, गोड बोलून त्यांचा विश्वास संपादणे, त्यांच्याजवळील द्रव्याची बातमी काढणे व संधी साधून त्यांचा गळा आवळणे, हा त्याचा व्यवसाय. पकडला गेल्यानंतर तोच सरकारचा माफीचा साक्षीदार बनतो आणि आपल्या जुन्या सोबत्यांना पकडून देतो. अशा प्रकारे लुटारू, बहुरूपी व खबऱ्या या तिन्ही भूमिका या एकाच पात्रात एकत्र आल्या आहेत. त्यामुळे पुढे बहरलेल्या हेरकथेच्या नायकांशी त्याचे जवळचे नाते जुळते. अमीर अलीची कथा एका प्रत्यक्ष ठगाच्या जबानीवर आधारलेली असली, तरी तिला आकार आला तो टेलरच्या दक्षिणेतील सेवेत. मध्य भारतातून हैदराबादकडे जाणाऱ्या ज्या वाटांवर ही कथा घडते, त्यांत नागपूर व वऱ्हाड यांतून जाणाऱ्या वाटा महत्त्वाच्या आहेत.

प्रदेश व काळ : उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग यांमधील पूर्णा नदीचे सुपीक खोरे म्हणजे वऱ्हाडचा पायनघाट, त्याच्या दक्षिणेकडील उंच भाग तो बालाघाट. हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या व्यापाऱ्यांना, सैनिकांना व यात्रेकरूंना नागपूर किंवा बऱ्हाणपूर सोडल्यावर हा प्रदेश ओलांडावा लागे. उमरावती म्हणजे आजचे अमरावती हे कापसाच्या व सावकारीच्या व्यवहाराचे मोठे केंद्र होते. मालाबरोबर रोकड, हुंड्या व जडजवाहीर यांचीही वाहतूक या मार्गांवरून होत असे.

राजकीयदृष्ट्या हा मुलूख दीर्घकाळ अस्थिर होता. निझाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही येथे अंमल चाले व रयतेला दोन्हीकडे वसूल द्यावा लागे. या व्यवस्थेस ‘दोअमली’ म्हणत. दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात अकोला जिल्ह्यातील अडगाव येथील लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) व अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाचा पाडाव (१५ डिसेंबर १८०३) यांनंतर देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील हक्क सोडावा लागला. तथापि त्याने शांतता आली नाही. निझामाच्या अमलात महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराचे लक्ष वसुलीवर असे, वाटांच्या संरक्षणावर नसे. पेंढाऱ्यांचा उपद्रव १८१७-१८ च्या मोहिमेपर्यंत चालू होता आणि त्या मोहिमेनंतर नोकरी गमावलेले अनेक शिपाई मोकळे हिंडत होते. घरून निघालेला प्रवासी कित्येक महिन्यांनी परतत असे. तो परतला नाही, तरी तो कोठे नाहीसा झाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. एका राज्यात मारलेल्या माणसाची फिर्याद दुसऱ्या राज्यात कोणी ऐकून घेत नसे. ठगांचे खरे संरक्षण या परिस्थितीत होते.

ठगांची रीत : ठगांच्या टोळीत कामांची वाटणी ठरलेली असे. प्रवाशांशी ओळख वाढवून त्यांना टोळीच्या संगतीत आणणाऱ्यास ‘सोठा’, रुमालाने गळा आवळणाऱ्यास ‘भुर्तोट’ व खड्डे खणून प्रेते पुरणाऱ्यास ‘लुघा’ म्हणत. यांखेरीज बाजारात व सरायांत फिरून सावजाची माहिती काढणारे लोकही असत. ‘रामसी’ या नावाची त्यांची सांकेतिक बोली होती व वधाची ‘झिरनी’, म्हणजे इशारा, साध्या बोलण्यातूनच दिला जाई. टोळ्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही असत. दोघेही भवानीला मानीत, शकुन पाहत व वधानंतर गूळ वाटीत. हा गूळ एकदा चाखला, की माणूस पुन्हा दुसऱ्या कामाचा राहत नाही, अशी त्यांची समजूत असे. ही सर्व माहिती मुख्यतः विल्यम स्लीमन (१७८८–१८५६) या अधिकाऱ्याने पकडलेल्या ठगांच्या जबान्यांतून मिळालेली आहे. त्याचा रामसीआना हा ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

टेलरचे पूर्वायुष्य : टेलरचा जन्म लिव्हरपूल येथे झाला. वडिलांच्या व्यापारात खोट आल्यामुळे १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीस पाठविण्यात आले. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती पेढीच अडचणीत आलेली होती. मुंबई सरकारातील न्यूनम या आप्ताच्या खटपटीने त्याच वर्षी त्याला निझामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले व तो औरंगाबादला दाखल झाला. कंपनीच्या थेट सेवेत नसल्यामुळे बढतीची मोठी दारे त्याला बंद होती. त्याने हिंदुस्थानी, फार्सी व मराठी या भाषा मेहनतीने आत्मसात केल्या. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेल्या या मुलाचे खरे शिक्षण दक्षिणेतील छावण्यांत, कचेऱ्यांत व वाटांवर झाले.

अठराव्या वर्षीच, १८२६ च्या सुमारास, त्याची निझामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात साहाय्यक पोलीस अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. गावोगाव फिरणे, पाटील-कुलकर्ण्यांकडून बातमी घेणे, लुटारूंचा माग काढणे, असे हे काम होते. त्या काळात वाटांच्या कडेला अनोळखी माणसांची प्रेते सापडत; खुनी कोण, हे मात्र उमगत नसे. या खुनांमागे एखादी संघटित टोळी असावी, या निष्कर्षाच्या तो जवळ येऊन पोहोचला होता. परंतु १८२९ मध्ये सिकंदर जाह मरण पावला व नवा निझाम नासिरुद्दौला याने मुलकी कारभारातून इंग्रज अधिकारी काढून घेण्याची मागणी केली. टेलरला आपल्या पलटणीत परतावे लागले व तपास अर्धवट राहिला. पुढच्याच काळात स्लीमनने मध्य भारतात ठगीचा उलगडा केला. हा मान आपल्या हातून थोडक्यात निसटला, अशी खंत टेलरने पुढे बोलून दाखविली आहे.

मूळ व्यक्ती : स्लीमनच्या कार्यपद्धतीत माफीच्या साक्षीदाराला मध्यवर्ती स्थान होते. पकडलेल्या ठगास जीवदान देऊन त्याच्याकडून सोबत्यांची नावे, खुनांच्या जागा व प्रेते पुरल्याचे ठिकाण काढून घेतले जाई. अशा साक्षीदारांना निरनिराळ्या प्रदेशांत नेऊन त्यांच्या साहाय्याने इतरांना पकडण्यात येई. सागरहून १८३२ मध्ये निझामाच्या राज्यात पाठविलेल्या साक्षीदारांत अमीर अली नावाचा एक ठग होता व त्याच्याशी आपला परिचय झाला, असे टेलरने कादंबरीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. आपण ७१९ खुनांत सहभागी होतो, असे या माणसाने सांगितले. मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती, तर ही संख्या हजारावर गेली असती, असेही तो म्हणे. स्लीमनच्या नोंदींतही सय्यद अमीर अली नावाचा साक्षीदार आढळतो. काही अभ्यासकांच्या मते स्लीमनचा प्रमुख साक्षीदार फिरंगिया याच्या चरित्रातील छटाही कादंबरीच्या नायकात मिसळल्या आहेत. यानंतर टेलरने स्वतःही साक्षीदारांच्या जबान्या नोंदविण्याचे काम केले. चार-पाच वर्षांपूर्वी ज्या प्रेतांचा उलगडा त्याला झाला नव्हता, त्यांच्या मृत्यूचा वृत्तांत आता मारेकऱ्यांच्याच तोंडून तो ऐकत होता.

कथानक : माळव्यातील एका गावात जन्मलेल्या अमीर अलीचे आईबाप तो पाच वर्षांचा असताना ठगांकडून मारले जातात. टोळीचा नायक इस्माईल त्या मुलाला वाचवितो व पुत्रवत वाढवितो. आपला पालक कोण आहे हे कळल्यावर तरुण अमीर अली त्याच्या व्यवसायाची दीक्षा घेतो. टोळी नागपूरहून उमरावती, उमरखेड अशा वाटेने हैदराबादकडे जाते. व्यापाराने गजबजलेली उमरावती, प्रवासी व सावकार यांची वर्दळ आणि एकाच मुक्कामावर उतरलेले ठग व त्यांचे सावज, अशी दृश्ये या भागात येतात. पुढे अमीर अली चितू पेंढाऱ्याच्या स्वारीतही सामील होतो. त्याचे प्रेम, विवाह, अपत्यस्नेह व मैत्री यांची वर्णने खुनांच्या वर्णनांशी शेजारधर्माने नांदतात. गणेशा नावाच्या क्रूर ठगाविषयी त्याला लहानपणापासून अनामिक द्वेष असतो. आपल्या आईचा मारेकरी तोच, हे त्याला फार उशिरा कळते. अजाणता आपल्या सख्ख्या बहिणीचाही आपण वध केला, हे तिच्या गळ्यातील नाण्यावरून उघडकीस येते. अखेर पकडला गेल्यावर तो माफीचा साक्षीदार होतो व गणेशाला फाशीपर्यंत पोहोचवितो. ही सर्व हकीकत तो एका ‘साहेबा’ला सांगतो. साहेब बहुतेक वेळ ऐकत असतो. मधूनमधून तो आपली घृणा व्यक्त करतो. 

टेलरच्या जीवनाचा अंश : अमीर अलीची दुष्कृत्ये ठगांच्या जबान्यांतून आली, पण तो ज्या जगात वावरतो ते जग टेलरचे स्वतःचे आहे. हा अंश मुख्यतः चार ठिकाणी दिसतो. पहिला, वाटांचे ज्ञान. मुक्कामांमधील अंतरे, नदीचे उतार, गावाबाहेरील आमराई, फकिराचा तकिया, वेशीतील चौकी यांची वर्णने पोलीस म्हणून पायदळी तुडविलेल्या मुलखाच्या ओळखीतून आलेली आहेत. दुसरा, भाषा. कादंबरी इंग्रजीत असली, तरी पात्रांचे बोलणे हिंदुस्थानी वळणाचे आहे. अभिवादने, शपथा, म्हणी व मानाची संबोधने यांचा साचा टेलरने तसाच राखला आहे. दुभाष्याची गरज नसलेल्या श्रोत्यालाच हे साधण्यासारखे होते. तिसरा, गावकारभाराची जाण. पाटील, जमीनदार, मक्तेदार व शिपाई यांच्यापैकी कोण ठगांकडून वाटा घेतो व कोण डोळेझाक करतो, याचे बारकावे अधिकाऱ्याच्या अनुभवातूनच आले आहेत. 

चौथा अंश निवेदनाच्या रचनेत आहे. ऐकणारा साहेब हा टेलरच होय. निष्ठुर कृत्यांचा त्याला तिटकारा येतो, तरी सांगणाऱ्याचे शौर्य, सौजन्य व वक्तृत्व यांचा मोह त्याला आवरत नाही. जबानी घेणाऱ्या अधिकाऱ्याची ही द्विधा अवस्था हा या कादंबरीचा गाभा आहे. याशिवाय लेखक व नायक यांच्यात एक साम्यही दाखविता येते. दोघेही लहान वयात घराला मुकले, दोघेही परक्यांच्या आश्रयाने वाढले व दोघांचेही तारुण्य दक्षिणेच्या वाटांवर गेले. टेलरने हे साम्य स्वतः कोठे सांगितलेले नाही. परंतु अनाथ मुलाच्या आठवणींची पाने कादंबरीत विशेष जिवंत उतरली आहेत, हे वाचकाच्या ध्यानी येते.

प्रसिद्धी : टेलर रजेवर इंग्लंडमध्ये असताना रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने १८३९ मध्ये ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध केली. व्हिक्टोरिया राणीने छापील फर्मे तयार होताच ते मागवून वाचल्याचे टेलरच्या आत्मचरित्रात सांगितले आहे. ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत रुळण्यास स्लीमनच्या लेखनाबरोबर या कादंबरीचाही मोठा हातभार लागला. फ्रेंच कादंबरीकार यूजीन स्यू याच्या ल झ्यूइफ एरां (१८४४-४५) या कादंबरीत फिरंगिया नावाचा ठग येतो, यावरून या विषयाचे आकर्षण यूरोपभर पसरल्याचे दिसते. टेलरने पुढे टिपू सुलतान (१८४०), शिवकालीन तुळजापूर व अफझलखान-प्रकरण यांवर आधारलेली तारा (१८६३), राल्फ डार्नेल (१८६५), सीता (१८७२) व चांदबिबीवरील अ नोबल क्वीन (१८७८) या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. परंतु पहिल्या कादंबरीची लोकप्रियता त्यांपैकी एकीलाही लाभली नाही.

वऱ्हाडातील अधिकारी : १८५३ च्या तहान्वये निझामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात दिले. टेलर सुरपूर संस्थानातून नळदुर्ग येथे आला व तेथील जिल्ह्याचा कारभार त्याने चार वर्षे पाहिला. १८५७ चा उठाव सुरू झाल्यावर रेसिडेंट डेव्हिडसन याने त्याला तातडीने वऱ्हाडात, बुलढाण्याच्या उपायुक्तपदी पाठविले. मदतीस फौज देता येणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगण्यात आले होते. उत्तरेकडील पेटलेल्या मुलखाला लागून असलेला हा जिल्हा त्याने मुख्यतः गावोगावच्या बातमीवर व लोकांशी असलेल्या संबंधांवर विसंबून शांत राखला. कादंबरीत ज्या वऱ्हाडातून त्याचा ठग खुशाल वावरतो, त्याच वऱ्हाडातील वाटा आता खुद्द टेलरला सांभाळायच्या होत्या. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा सुरपूरला जावे लागले. ज्याच्या बालपणी टेलरने संस्थानाचा कारभार पाहिला, तो राजा व्यंकटप्पा नायक उठावात सामील होऊन पराभूत झाला होता. टेलर १८६० मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी धाराशिव व रायचूर दुआब निझामास परत करण्यात आले. वऱ्हाड इंग्रजांकडे राहिले व त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात येऊन अमरावती व अकोला ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. मुंबई–नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. महिनोगणती पायी चालणारे काफिले त्यानंतर ओसरले आणि अमीर अलीचे जग उरले नाही. टेलरचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, त्याच्या मुलीने संपादून प्रसिद्ध केले.

हेरकथेशी नाते : लेखकाच्या सेवेतील अनुभवातून गुप्त वेषाने वावरणारा नायक निर्माण होण्याची परंपरा इंग्रजी साहित्यात पुढे दृढ झाली. मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंगने बालपणीची हिंदुस्थानी बोली व लाहोरमधील पत्रकारितेचा अनुभव यांतून किम (१९०१) हा बालहेर उभा केला. सॉमरसेट मॉमचा अ‍ॅशेंडेन (१९२८) पहिल्या महायुद्धात मॉमने स्वतः केलेल्या हेरगिरीवर आधारलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या इयन फ्लेमिंगने कॅसिनो रॉयल (१९५३) मध्ये जेम्स बाँड हे जगप्रसिद्ध पात्र प्रथम आणले, तर गुप्तचर खात्यातच नोकरी केलेल्या जॉन ल कारे याने जॉर्ज स्मायली (१९६१) निर्माण केला. या सर्वांत लेखक नायकाच्या बाजूला उभा आहे. टेलरची स्थिती निराळी आहे. त्याचा नायक पाठलाग होणाऱ्यांच्या बाजूचा असून लेखक पाठलाग करणाऱ्यांपैकी एक आहे. तरीही आपला अनुभव त्याने प्रतिपक्षाच्या तोंडी घातला, हे या कादंबरीचे वैशिष्ट्य होय.

ऐतिहासिक सत्यता : कादंबरीतील जवळजवळ सर्व गुन्हे खरे असून कल्पनेचा उपयोग केवळ प्रसंग जोडण्यासाठी केला आहे, असा दावा टेलरने केला. त्यामुळे अनेक वाचकांनी व काही लेखकांनीही अमीर अलीचे निवेदन दस्तऐवजासारखे वापरले. हे धोक्याचे आहे. ज्या जबान्यांवर कादंबरी उभी आहे त्याच जबान्यांवर माणसांचे जीव अवलंबून होते. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लावण्यात आला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी देण्यात आली व ४८३ जणांना माफीचे साक्षीदार करण्यात आले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच आजन्म कारावासाचा गुन्हा ठरविला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची आवश्यकता राहिली नाही. साक्षीदाराचा जीव त्याच्या बोलण्याच्या उपयुक्ततेवर टिकून असल्याने सोबत्यांची संख्या, खुनांचा आकडा व धार्मिक विधींचे महत्त्व वाढवून सांगण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक होते. विचारणाऱ्या अधिकाऱ्याला काय ऐकावयाचे आहे, याचीही छाया उत्तरांवर पडत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनांची फेरतपासणी झाली. हिरालाल गुप्ता (१९५९) व स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९) यांनी ठगीची कारणे भवानीच्या उपासनेत शोधण्याऐवजी तत्कालीन सत्तासंघर्ष, स्थानिक जमीनदारांचा आश्रय व बेरोजगारी यांत शोधली. राधिका सिंघा (१९९८) यांनी कंपनीच्या न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने ठगीविषयक कायद्यांची चिकित्सा केली. किम वॅग्नर (२००७) यांनी जबान्यांचा काळजीपूर्वक उपयोग करून, प्रवाशांना फसवून मारणाऱ्या टोळ्या खरोखर होत्या. मात्र देशभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ हे चित्र टिकत नाही, असे प्रतिपादन केले. या संशोधनाच्या प्रकाशात पाहता टेलरची कादंबरी ठगांच्या श्रद्धांविषयी कमी विश्वसनीय व त्या काळातील वाटा, बाजारपेठा, मुक्काम आणि मुलकी कारभार यांविषयी अधिक विश्वसनीय ठरते. कारण पहिल्या गोष्टी टेलरने ऐकल्या होत्या व दुसऱ्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या.

मूल्यमापन : अमीर अलीच्या पात्रात पश्चात्ताप जवळजवळ नाही. आपण भवानीच्या हातातील साधन होतो, अशी त्याची धारणा शेवटपर्यंत टिकते. केवळ बहिणीच्या वधाची आठवण त्याला अस्वस्थ करते. या मर्यादित पण खऱ्या वेदनेमुळे तो निव्वळ राक्षस ठरत नाही. एतद्देशीय माणसाच्या तोंडून, त्याच्याच बोलण्याच्या वळणाने व जवळजवळ अखंड निवेदनाने सांगितलेली ही इंग्रजीतील आरंभीची महत्त्वाची कादंबरी मानली जाते. कंपनीच्या राजवटीचे समर्थन तिच्यात आहे. ठगीचे निर्मूलन ही त्या राजवटीची मोठी कामगिरी, असा तिचा सूर आहे. पण त्याबरोबरच वऱ्हाड व मराठवाडा यांतील एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रवासी जीवनाचे इतके तपशीलवार चित्र त्या काळच्या ललित लेखनात क्वचितच आढळते. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाहीत, अशा वाटेत नाहीशा झालेल्या असंख्य प्रवाशांची आठवण या चित्रात राहिली आहे. मात्र ती त्यांच्या मारेकऱ्याच्या तोंडून सांगितलेली आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.